धोंडदऱ्याला पाणी आहे

शनिवार, ३ फेब्रुवारी १९७३. भिंगार

एकतीस वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये रोज जॉब बुक लिहिलं. कुठली गाडी आली, काय बिघडलं, काय केलं, कुणी तपासलं. परवाच्या बुधवारी रिटायर झालो. हार घातला, फोटो काढला, सगळ्यांनी चहा घेतला. गुरुवारी सकाळी साडेसातला डबा घेऊन दारापर्यंत गेलो तेव्हा शरिफाआपानं मागून विचारलं, "किधर?" मग आठवलं.

म्हणून ही वही. जॉब बुकापुरतं इंग्रजी येतं. त्यापलीकडचं लिहायचं तर मराठीच, कारण शाळा मराठीत झाली.

घरात मी आणि आपा, माझी थोरली बहीण. सुरय्याला जाऊन चौदा महिने झाले. मूलबाळ नाही.

आज मागच्या छपरातली फटफटी बाहेर काढली. बेचाळीस सालची, लढाईतली. छप्पन साली लिलावात साईडकारसकट घेतली होती. सुरय्या गेल्यापासून किक मारलेली नाही. टाकीत गाळ, चेन गंजलेली, मॅग्नेटोला ठिणगी नाही. कोंबडीनं साईडकारमध्ये अंडी घातली होती, दोन.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

सुरू झाली. अकराव्या किकला. एवढा धूर झाला की आपा खोकत शेजारी निघून गेली.

आवाज ऐकून गोजरबाई दारात आली. बाजारात भाजी विकते ती. सुरय्या बारा वर्षं तिच्याकडूनच भाजी घ्यायची. आता तिच्या पाटीत भाजी कुठली, चार वाळके कांदे असतात. विधवा आहे, पंचेचाळीस-अठ्ठेचाळीसची असेल. माहेर शेवगावकडचं.

"म्हमूदभाई, ही गाडी कुठवर जाती?"

"पेट्रोल असेल तिथवर."

"अन् रस्ता नसला तर?"

"लढाईत कुठे रस्ते होते, बाई?"

मग तिनं सांगितलं. ती पायाळू आहे, म्हणजे आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेली. पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात. माहेरच्या दोन विहिरी तिनंच दाखवलेल्या. यंदा दुष्काळानं कहर केला तशी डोंगरातली माणसं तिला न्यायला यायला लागली. पण त्या गावांना एस.टी. नाही, बैल चाराछावणीत नाहीतर मेलेले. चालत जायचं म्हणजे पोचेपर्यंत पाय सुजतात. सुजलेल्या पायाला काही कळत नाही.

मी म्हणालो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.

ती म्हणाली, "तुमच्या इश्वासाचं काय काम हाय? मला गाडी पायजे."

रविवार, ११ फेब्रुवारी

पहिली फेरी. करंजीचा घाट चढताना गाडी दोनदा तापली. पेट्रोलचं बोलावणारं गावच बघतं.

साईडकारमध्ये पूर्वी वायरलेसची पेटी असायची. तिथं मी जीपची जुनी सीट बसवलेली आहे. गोजरबाई त्यात बसली, पदर कानाभोवती गुंडाळला, चपला मांडीवर धरल्या आणि म्हणाली, "लई बेस. कोंबड्या झाकायचं डालगंच हाय." पहिल्या खड्ड्याला ओरडली. दुसऱ्या खड्ड्याला हसली.

पाथर्डीच्या पुढे सगळं उघडं पडलंय. झाडांचा पाला जनावरांसाठी ओरबाडलेला, नुसते सांगाडे. रस्त्याच्या कडेला सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायामाणसांच्या रांगा. आमची फटफटी दिसली की हातोड्या थांबायच्या.

गावात ती अनवाणी तीन शेतं फिरली. मग पाटलाला म्हणाली, "न्हाई. हितं काय न्हाई." पाटलानं मान खाली घातली. तरी आम्हाला चहा पाजला. कप छोटे होते, पण दूध घातलेला.

येताना मी विचारलं, पायाला काय कळतं? म्हणाली, टाचेला मुंग्या येतात, पोटरीपर्यंत चढतात. आत खोल कुणीतरी चालल्यासारखं वाटतं.

सोमवार, २६ फेब्रुवारी

चिंचवाडीला अडतीस फुटांवर पाणी लागलं! बाईनं दोन आठवड्यांपूर्वी ओढ्याकाठची जागा दाखवली होती. आज मुद्दाम बोलावलं. पाणी गढूळ, गुडघाभर, पण पाणी. म्हाताऱ्या बायका विहिरीत वाकून नुसत्या बघत बसल्या होत्या. कुणीतरी गोजरबाईच्या पायांवर घागर ओतायला निघालं तर ती केवढ्यानं खेकसली, "वाया घालवू नगा!"

माझ्या फटफटीलाही त्यांनी हळदकुंकू लावलं. हेडलाईटच्या काचेवर. पुसलं नाही.

येताना ती गाणं म्हणत होती. इंजिनाच्या आवाजात शब्द कळत नव्हते. मी थ्रॉटल जरा कमी ठेवला.

गुरुवार, ८ मार्च

दोन दिवसांत तीन गावं. तिन्हीकडे नाही. तिसऱ्या गावात एक बाई अंगावर धावून आली. "पानी न्हाई ते आमालाबी दिसतंय, ते सांगाया गाडीत बसून आलीस व्हय?" गोजरबाई उभी राहून ऐकत होती. गाडीत बसल्यावर म्हणाली, "खरंच बोलली ती."

मी वाटेत करंजीला थांबून भेळ घेतली. तिला तिखट चालत नाही. आता माहीत झालंय.

शुक्रवार, ९ मार्च

क्लचची केबल तुटली. सायकलच्या ब्रेकची तार घालून काम भागवलं.

गुरुवार, १५ मार्च

आज आपा बोललीच. "महमूद, लोगां क्या बोल्तैं मालूम है क्या तुजे? इस उमर में बाई को लेको फिरता बोल्तैं."

मी म्हणालो, लोक तहानेनं मरतायत आणि तुला हे सुचतं. मी गाडी चालवतो, ती पाणी बघते. वर्कशॉपमध्ये मी मेजरसाहेबांना घेऊन फिरायचो तेव्हा कुणी काही म्हणालं नाही.

आपा म्हणाली, "मेजरसाब के वास्ते तू दाढी नई करता था रोज." मला राग आला. वर्कशॉपला असताना मी रोजच दाढी करत होतो. एक दिवसाआड तरी.

दुपारी साईडकारला रंग दिला, हिरवा. ब्रश धुताना एक जुनी गोष्ट आठवली. साठ-एकसष्ट साल असेल. वर्कशॉपच्या वाचनालयात एक इंग्रजी मासिक आलं होतं. त्यात ऑस्ट्रेलियातल्या एका माणसाचे फोटो. माझ्यासारख्याच फटफटीवरून तो तिकडचा ओसाड मुलूख फिरला होता. लाल माती, शेकडो मैल माणूस नाही, नद्या नुसत्या वाळूच्या. ते मासिक मी घरी आणून सुरय्याला दाखवलं. म्हणालो, एकदा जाऊ, तू साईडकारमध्ये, मी पुढे. तिनं सगळे फोटो नीट पाहिले आणि विचारलं, "तिथं पाणी नाही, झाड नाही, माणूस नाही. मग जायचं कशाला?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. आज देता येईल असं वाटतं. फिरण्यासाठी जायचं. बाजूला कुणीतरी बसलेलं असतं, रस्ता पुढे असतो. पण हे दुष्काळात लिहिणंही बरं नाही. खोडणार होतो. राहू दे.

गुरुवार, २२ मार्च

सात दिवसांत एकही बोलावणं नाही. डोंगरात बातमी पसरलीय म्हणे, भिंगारची बाई येते आणि नाही म्हणून जाते.

बाजारात गेलो. गोजरबाई रिकाम्या पाटीपुढे बसली होती. मी कांदे घेतले. घरी कांदे आहेत.

"आता झालं वाटतं आपलं फिरणं," ती म्हणाली.

मी म्हणालो, बघू.

घरी येऊन व्हॉल्व्ह साफ केले. साफच होते.

मंगळवार, २७ मार्च

बोलावणं आलं. पाथर्डीच्या पलीकडे, बीडच्या हद्दीला लागून धोंडदरा म्हणून सत्तर घरांचं गाव आहे, तिथून. सरपंच श्रीमंत स्वतः चालत आणि ट्रकला हात करत आले. सांगितलं की आसपासचं खडीचं काम या महिनाअखेर बंद होतंय. टँकर दोन दिवसांआड. अर्ध्या घरांनी सामान बांधून ठेवलंय, उसाच्या मुलखात नाहीतर मुंबईला निघायचं.

"एकदा बाईंनी हितं हाय म्हनू द्या," श्रीमंत म्हणाले, "मानसं थांबत्याल. मानसं गेली तर गाव पुन्ना बसत नसतंय."

उद्या पहाटे निघायचं. टायरमध्ये हवा भरली.

बुधवार, २८ मार्च

जसं झालं तसं लिहितो. जॉब बुकात कधी खोटं लिहिलं नाही.

आठला पोचलो. जमीन तापायच्या आत बाईनं चालायला सुरुवात केली. गावाच्या चारी अंगांना गेली. मी वीस पावलं मागे चपला घेऊन. साडेदहाला ओढ्याच्या वळणावर एका बोडक्या बाभळीखाली बसली. गावकरी शाळेच्या ओट्यावर थांबलेले, लांब. बोलणं ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

"न्हाई," ती म्हणाली. "समदा खडक. वरपासून खालपत्तर मुका."

मी म्हणालो, "बाई, हो म्हणा."

तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

मी समजावलं. पाय चुकत नाही का कधी? खणलं तर लागेलही. नाही लागलं तर दोन महिने हाताला काम मिळेल, तोवर गाव टिकेल. सरपंच काय म्हणाले ते ऐकलंत ना? आणि पुन्हा नाही म्हणालात तर आपल्याला कोण बोलावणार? सगळं इथंच थांबेल. घरी बसून तुम्ही काय करणार, मी काय करणार?

हे मी गावासाठीच बोललो.

तिच्या तळव्यात काटा रुतला होता, तो तिनं काढला. म्हणाली, "पायाळूनं खोटं बोलू न्हाई. पाय जातो त्याचा."

मी म्हणालो, खोटं कुठं, अंदाज म्हणा.

तिनं काटा लांब टाकला. मग उठली, गावकऱ्यांना हात केला. ते आले, बायाही आल्या. बाई पुन्हा एकदा वळून माझ्याकडे बघून, मग ओढ्याच्या वळणाकडे बोट करून म्हणाली, "हितं."

"किती खोल?" श्रीमंतांनी विचारलं.

"पन्नास फूट."

एकदम कुणी ओरडलं नाही. एक म्हातारा खाली बसला फक्त. मग छगन नावाचा पंचवीस-सव्वीसचा गडी पुढे आला. खडीच्या कामावर सुरुंग लावतो, विहिरीतलंही त्याला कळतं. त्यानं पहिली कुदळ मारली. त्याच्या बायकोनं, लंकाबाईनं, त्या जागी कुंकू वाहिलं. ती कुदळीकडे बघत नव्हती, आमच्याकडे बघत होती. छगन मला म्हणाला, "चाचा, पानी लागलं की पयली आंघूळ तुमच्या गाडीला!" सगळे हसले.

जेवायला मिलोची, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन ज्वारीची, लाल भाकरी आणि ठेचा होता. बाईनं ठेचा नको म्हटलं, भाकरीही अर्धीच खाल्ली.

येताना गाडी फार सुंदर चालली. उतारावर तर आवाजसुद्धा कळत नव्हता. बाई दमली असावी, एक शब्द बोलली नाही.

गुरुवार, १२ एप्रिल

धोंडदऱ्याला जाऊन आलो. एकटाच. गोजरबाईला विचारलं तर म्हणाली, अंगात कणकण आहे.

अठ्ठावीस फूट झालेत. गाव राहिलंय, ही मोठी गोष्ट. सकाळपासून सगळे विहिरीवर. बायका पाट्या उचलतात, पोरं दगड लांब नेऊन टाकतात. सामान बांधलेल्या घरांनी सामान सोडलंय.

छगननं मला खाली उतरवलं. कातळाला हात लावून म्हणाला, "चाचा, गार लागतंय का न्हाई?"

लावला. दगड गार होता. तीस फुटांवर दगड गारच असतो, ते कुणालाही कळतं.

"गार आहे," मी म्हणालो.

"लंकाला सांगा वर जाऊन. ती इश्वास ठेवत न्हाई."

वर येऊन सांगितलं. लंकाबाईनं डोक्यावरची पाटी सावरली आणि म्हणाली, "बाई न्हाई आल्या?" मी म्हणालो, कणकण आहे. "व्हय का," म्हणाली आणि पुढे गेली.

परत येताना मागचं चाक पंक्चर झालं. दोन तास उन्हात. बाजूची सीट रिकामी असली की गाडी एका अंगाला ओढते, हे इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं.

शनिवार, २१ एप्रिल

छगन गेला.

पाथर्डीहून ट्रकवाल्याबरोबर निरोप आला. एवढंच लिहितो.

रविवार, २२ एप्रिल

काल दुपारी निघालो. गोजरबाई बरोबर होती. मी निरोप सांगितला तशी तिनं पाटी उलटी करून ठेवली आणि येऊन बसली.

चव्वेचाळीस फुटांवर कठीण कातळ लागला होता. शुक्रवारी सकाळी सुरुंगाचे तीन बार भरले, दोन उडाले. तिसऱ्याची वाट पाहिली अर्धा तास. वात विझली असेल म्हणून छगन खाली उतरला. श्रीमंत नको म्हणत होते. तो म्हणाला, आजचा दिवस फुकट जाईल. हात दगडाला लागला असेल नसेल तोच उडाला.

आम्ही पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती, म्हणजे त्यांच्यात जाळतात, ते झालं होतं.

गोजरबाई बायकांत जाऊन बसली. मला वाटलं कुणीतरी तिला बोलेल, मारेल. पण लंकाबाईची सासू रडत रडत तिच्याच खांद्यावर पडली. लंकाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या केसांत अजून विहिरीतली पांढरी धूळ होती.

विहीर कोरडी आहे.

निघताना मी फटफटी चालू केली. बाई जवळ आली नाही. सडकेकडे चालायला लागली. मी गाडी तिच्याशेजारी हळू चालवत म्हणालो, बसा. तिनं ऐकलं नाही. साडेतीन मैल ती चालली आणि मी पहिल्या गिअरमध्ये बाजूनं. इंजिन तापून बंद पडलं. ते गार होईपर्यंत ती दिसेनाशी झाली. पाथर्डीच्या स्टँडवर बघितलं, एस.टी. गेली होती.

बुधवार, २ मे

बाजारात तिच्या जागी रतनबाई नावाची दुसरी कुणी लसूण घेऊन बसली होती. म्हणाली, गोजरबाई दहा दिवस झाले गेली. पाथर्डीच्या पुढे कुठंतरी खडी फोडायला.

आपा आजकाल काही बोलत नाही. सकाळी माझ्यापुढे चहा ठेवते आणि तिथंच बसून राहते. आज म्हणाली, "दाढी तो कर ले." केली.

बुधवार, ९ मे

लंकाबाईकडे गेलो. आठ दिवस जाईन जाईन म्हणत होतो.

ती चुलीपुढे होती. सासू आत झोपलेली. मी उंबऱ्यात बसलो आणि सांगून टाकलं. बाई नाही म्हणाली होती. तिला खोटं बोलायला मी लावलं. दोष तिचा नाही, माझा आहे.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"मला त्याच दिशी कळलं हुतं," ती म्हणाली. "बोट दाखवायच्या आदी बाई तुमच्याकडं बघत हुत्या. जिला पानी दिसतं ती मानूस कशाला बघंल, जमीनच बघंल की."

मी विचारलं, छगनला सांगितलं नाहीस?

"सांगितलं की. त्याच सांच्याला. त्यो म्हनला, आसू दे. खोटं तर खोटं. खनलं तर गाव राहतंय. न्हाई म्हनल्या आसत्या तर उद्या सकाळी उठून काय केलं आसतं आपुन? कुठं गेलो आसतो?" तिनं चुलीत काटकी सारली. "त्याला म्हाईत हुतं, चाचा. तरीबी रोज सकाळी हसत जायचा. मलाच राग यायचा."

मी म्हणालो, मला माफ कर, बेटी.

तिनं भाकरी तव्यावरून उतरवली. म्हणाली, "माफी माझ्यापाशी न्हाई. मी कुठनं आनू? पानी हाय थोडं, प्यायचं तर प्या. उन्हाचं आलाय."

तिनं तांब्या भरून दिला. मचूळ होतं. तहान एवढी होती की एका दमात संपवलं. तांब्या परत द्यायला आत वाकलो तेव्हा रांजण दिसला. तळाशी ओलसुद्धा नव्हती. टँकर उद्या यायचा होता.

येताना घाटात गाडी थांबवून बसलो. कशासाठी ते माहीत नाही. इंजिन व्यवस्थित होतं.

शुक्रवार, ११ मे

साईडकारची सीट काढली. चार बोल्ट होते, गंजलेले. त्या जागी दोन पत्र्याची पिंपं बसवली, पट्ट्या मारून. वजन जास्त होईल, मागची स्प्रिंग टिकेल असं वाटतं.

आपानं विचारलं काय करतोस. सांगितलं. तिनं आतून जुनी चादर आणून दिली, पिंपांवर ओली करून टाकायला. म्हणजे पाणी तापणार नाही.

पाथर्डीला टँकर भरतात तिथल्या माणसाला भेटलो. तो म्हणाला, सकाळी सहाच्या आत या, भरून देतो. कुणासाठी ते त्यानं विचारलं नाही.

सोमवार, १४ मे

आज दुसरी फेरी. पाथर्डी सोडून चार-पाच मैलांवर नवीन खडीचं काम निघालंय. रांगेच्या शेवटी गोजरबाई बसली होती. आधी ओळखली नाही. हातांना चिंध्या गुंडाळलेल्या, पायात टायरच्या चपला. पायात चपला घालून ती बसलेली मी पहिल्यांदाच बघितली.

गाडी थांबवली. ती उठून आली. पिंपं बघितली, चादरीवर हात ठेवला.

"धोंडदऱ्याला?"

"हो. परवाही नेलं होतं."

तिनं हाताची चिंधी आवळली. मग म्हणाली, "लंकाबाईनं घेतलं?"

"घेतलं. बोलत नाही काही."

मी तिला सांगितलं की मी जाऊन सगळं कबूल केलंय, तुमच्यावर दोष राहिलेला नाही. तिनं मान हलवली.

"तुमी नगा समदं आपल्या डोक्यावर घिऊ. बोट माझं हुतं. गावासाठी म्हनले न्हाई मी ते, म्हमूदभाई. तुमी म्हनलात म्हनून म्हनले."

हे ती का बोलली मला नीट कळलं नाही. गावासाठीच तर होतं सगळं. मी तसं म्हणालो. ती जराशी हसल्यासारखी झाली आणि रस्त्याकडे बघायला लागली.

विचारलं, पाय आता काय म्हणतात?

"गप हायेत. धोंडदऱ्यापासनं गप हायेत. बरं वाटतं तसं."

मुकादमानं हाक मारली. मी म्हणालो, उतरताना इथूनच जाईन, भिंगारला यायचं तर बसा. बोलून गेल्यावर मीच साईडकारकडे बघितलं. म्हणालो, पिंपं काढतो, दोन पट्ट्या तर आहेत.

"काढू नगा," ती म्हणाली. "जावा आता. ऊन चढलं की पानी तापतंय."

ती परत रांगेत जाऊन बसली. मी किक मारली. आरशात बघितलं, तिनं वर पाहिलं नाही, हातोडी चालू होती.

वाटेत दोनदा चादर ओली केली. तरी धोंडदऱ्याला पोचेपर्यंत पाणी कोमट झालंच होतं. श्रीमंत आले, चार बाया आल्या. फेरीला सगळ्यांत नडलेली पाच घरं, घरटी दोन घागरी असं त्यांनीच ठरवलंय. लंकाबाई सगळ्यांत शेवटी आली. तोटीखाली घागर धरली, भरली, डोक्यावर घेतली आणि दुसरी आणायला घराकडे गेली. ती येईपर्यंत मी तोटी धरून उभा राहिलो.